चूल पेटेपर्यंत

गुरुजी, तुम्ही केलं होतंत तसंच एक काम हल्ली मी करते, आणि ते सांगायला तुम्ही नाही याची चुटपुट लागून राहिली आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की कवठ्याच्या शाळेत आता तुम्हाला पाहिलेला एकही मास्तर उरला नसेल. तुमचा तो कौलारू वर्ग पाडून तिथं स्लॅबची इमारत उभी राहिली आहे आणि भिंतींवर पाढ्यांऐवजी रंगीत कार्टून आहेत. पण मी घरोघर फिरायला लागले तेव्हापासून तुम्ही रोज माझ्या पुढे चालता. पायजम्याला चाप, खांद्याला शिरगणतीची पिशवी, खिशात तपकिरीची डबी, आणि कुणाच्या दारात कुत्रं अंगावर आलं की सायकल मध्ये घालून तिच्या आडून तुम्ही विचारता, घरात कोण आहे? माझ्याकडे सायकलीऐवजी स्कूटी आहे आणि पिशवीतल्या कागदांऐवजी टॅब. कुत्री मात्र बदललेली नाहीत.

तुम्ही आम्हाला प्लेगची गोष्ट सांगायचात. तुमच्या आजोबांच्या लहानपणी माणसं गाव रिकामं करून रानात झोपड्या टाकून राहिली होती, घरात उंदीर मेलेला दिसला की भांडीकुंडी तिथंच टाकून निघायची. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं होतं, किती माणसं मेली, गुरुजी? तुम्ही चिमूटभर तपकीर ओढलीत, शिंकलात आणि म्हणालात की ते कुणालाच माहीत नाही, मोजणारेही रानातच पळाले होते. सगळा वर्ग हसला होता. मीही हसले होते. आता त्याच वाक्यावर माझं पोट चालतं.

कारण तुमच्यामागे आमच्याही वाट्याला एक साथ आली. प्लेगसारखी नव्हती, पण माणसाला माणसाची भीती वाटायला लावणारी होती. सोलापूर हायवेवर भर दुपारी शेळ्या रवंथ करत बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. कंपन्या बंद, परप्रांतातले कामगार डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेले, गावागावांच्या वेशीवर काट्या टाकलेल्या. नंतर दुसरी लाट आली तेव्हा तर घरटी एक माणूस खोकत होतं आणि कुठं बेड मिळेल का म्हणून जो तो फोनला चिकटलेला होता. ते सगळं येऊन गेलं. लोकांना आता त्याचं नाव काढलेलंही आवडत नाही. आणि नेमकं आताच मी पुण्याच्या एका संस्थेतर्फे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घरांमध्ये जाऊन विचारते की त्या साथीनं तुमच्या घराच्या तब्येतीचं काय केलं. एका म्हाताऱ्या आप्पांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि मग शांतपणे विचारलं, की मेलेली माणसं मोजल्यानं उठून बसणार आहेत का. मी नाही म्हणाले. मग बसा, म्हणाले, विचारा काय ते.

तुम्हाला वाटेल यात विचारायचं काय, मेलेल्यांचे दाखले असतातच. असतात. पण दाखल्यावर लिहिलेलं असतं ते एक आणि घरात घडलेलं असतं ते दुसरं. एखाद्याला साथीचा ताप आलाच नव्हता, पण डायलिसिसला न्यायला गाडी मिळाली नाही. एखादीची साखर वाढत गेली आणि दवाखान्यात जायच्या भीतीनं ती घरीच बसली. एक माणूस ताप येऊन बरा झाला, पण तेव्हापासून त्याला विहिरीपर्यंत चालत गेलं की धाप लागते, ऊसतोडीला जाता येत नाही, आणि हे कुठल्याच कागदावर नाही. कितीतरी लहान पोरांच्या लसी राहून गेल्या. आमचे साहेब सांगतात की एरवीच्या वर्षी एखाद्या गावातून जितकी माणसं जातात त्याहून त्या वर्षांत किती जास्त गेली, तो फरक म्हणजे साथीनं नेलेली माणसं, मग दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो. मला हे पटतं. पण दोन्ही तालुक्यांतली सगळी घरं विचारणं शक्य नसतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी घरं निवडतात. ज्याची चिठ्ठी निघेल ते घर आसपासच्या कितीतरी न विचारलेल्या घरांच्या वतीनं बोलतं. म्हणजे त्या घरात एक माणूस सांगायचं राहून गेलं तर ते एकटं राहत नाही, त्याच्यासारखी बाकीच्या घरांतली माणसंही त्याच्याबरोबर नाहीशी होतात. हे कळल्यापासून मी फार कटकटी झाले आहे. बरोबरच्या पोरी मला टाळतात.

आमचं ट्रेनिंग पुण्यात एका गारेगार हॉलमध्ये झालं. पहिल्याच दिवशी पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य आलं, की एकाच चुलीवर शिजलेलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. शेजारची मुलगी म्हणाली, चूल राहिलीय कुठं आता? साहेब म्हणाले, गॅसच्या शेगडीलाही चूलच समजायचं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मी खिडकीतून बाहेर पाहत बसले, कारण मला एकदम आमच्या मामाचं अंगण दिसायला लागलं होतं आणि अंगणात तुम्ही.

मी तिसरीत होते. वडिलांनी आईला कवठ्याला आणून सोडल्याला बराच काळ झाला होता, आणि ते न्यायला येणार नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. मामाचं घर धनगरवाड्यावर. आजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरलेलं घराणं. थोरल्या मामानं शेती धरली होती, पण धाकटा अजून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचा. शिरगणतीच्या वेळी तो तिकडंच होता आणि त्याला इथं लिहायचं की तिथं, यावर तुम्ही आणि थोरला मामा बराच वेळ घोळ घालत बसला होतात. मग तुम्ही मामीला तुमचा तो नेहमीचा प्रश्न विचारलात. घरात किती माणसं, असं तुम्ही कधीच विचारायचा नाहीत. काल या चुलीवर कोण कोण जेवलं, असं विचारायचात. मामी बोटांवर मोजत सांगत गेली आणि शेवटी म्हणाली, आन् आमच्या वन्सं, आन् त्यांची पोरगी.

आई तेवढ्यासाठीच दारामागं उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ज्याची चूल वेगळी त्याला रेशन कार्ड वेगळं मिळतं, आणि ते गुरुजी लिहितील तसं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळीच तिनं कडबा ठेवायच्या छपरीत तीन दगड मांडून, त्यांना शेणानं सारवून एक चूल केली होती. मामीला ते माहीत होतं, मामाला माहीत होतं, मला तर होतंच. आई पुढं येऊन म्हणाली की आमची चूल येगळी हाय. मामाचा चेहरा पडला. तो काही वाईट माणूस नव्हता, गुरुजी, त्यानं आम्हाला एक दिवस उपाशी ठेवलं नाही. तो म्हणाला, लिवा आमच्यातच, बहीण काय परकी हाय का? तुम्ही कुणालाच उत्तर न देता उठून छपरीत गेलात. वाकून चुलीमागच्या भिंतीवरून बोट फिरवलंत आणि बोटाकडं पाहिलंत. भिंत कोरी होती, काजळीचा ठिपका नव्हता. मला आठवतं, आईनं मान खाली घातली. मग तुम्ही तिला सांगितलंत की बाई, शिरगणतीच्या कागदावर रेशन कार्ड मिळत नसतं, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय.

"न्हाई तर न्हाई," आई म्हणाली. "पर मी हाय म्हून कुठंतरी लिवा, गुरुजी."

तुम्ही खांद्यावरची पिशवी काढलीत. तिथंच जमिनीवर बसलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, चहा टाका. आईनं मामीकडून विस्तव आणला नाही, काडी ओढली. कडब्याच्या छपरीत धूर कोंडला, तुम्ही खोकलात, डोळे पुसलेत, पण उठला नाहीत. कोरा, गुळाचा चहा झाला. तो तुम्ही बशीत ओतून सावकाश प्यालात, बशी खाली ठेवलीत, आणि मग पिशवीतून नवा कागद काढलात. वर्षानुवर्षं मला असंच वाटत आलं की तुम्हाला दया आली आणि तुम्ही आमच्यासाठी खोटं लिहिलंत. वर्गात पट्टीनं हात सुजवणारा माणूस एका बाईपुढं विरघळला, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

आता भांडगावचं सांगते, कारण त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे. हायवेपासून आत एक नीटनेटकं घर, पुढं डाळिंबाची झाडं, चिठ्ठीत निघालेलं. नवरा कंपनीतून पाळी करून आलेला, त्याची आई आत, दोन पोरं शाळेत गेलेली. मी टॅब उघडून विचारत गेले. साथीत कोण आजारी पडलं, कुणाला ॲडमिट केलं, कोण गेलं. कोण न्हाई, तो म्हणाला. मी मान वर केली तर टीव्हीच्या वर एका बाईचा हार घातलेला फोटो. तिशीतली असेल, जरा हसू आवरून धरल्यासारखा चेहरा. मी विचारलं, या? त्यानं फोटोकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ती आमच्यात धरू नगा, मॅडम," तो म्हणाला. "ती माहेरी व्हती. कवाच गेली व्हती ती. तिकडंच वारली."

आमचा नियम असा आहे की मरणाच्या आधीचे सहा महिने माणूस ज्या घरात राहत होतं, त्या घरात ते धरायचं. तो म्हणाला, त्याच्याही आधीच गेली होती. आतून सासू म्हणाली की केंदूरची होती ती, तिकडंच विचारा. मी टॅबवर बोट ठेवलं. या घरात मृत्यू नाही, असं लिहून आलं आणि पुढचं पान उघडलं. बाहेर आल्यावर मी सुपरवायझरला फोन केला. तो चांगला मुलगा आहे, माझ्या भाच्याच्या वयाचा. तो म्हणाला की मॅडम, त्यांनी सांगितलं तेच भरायचं, आपण पोलीस नाही. तेही खरं होतं. पण केंदूरची चिठ्ठी निघालेली नव्हती, तिथं कुणी विचारायला जाणार नव्हतं, आणि इथं ती धरायची नव्हती. ज्या बाईच्या फोटोला रोज ताजा हार घातला जात होता, ती कुठल्याच घरात मेलेली नव्हती. आणि तिच्यामागं, न विचारलेल्या घरांतल्या तिच्यासारख्या इतर बायकाही. मला राग आला, गुरुजी. त्या नवऱ्याचा, नियमाचा, आणि त्या पुढच्या पानाचाही.

रविवारी मी केंदूरला गेले. सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला की ज्यानं आजारपणात सेवा केली त्याला विचारायची मुभा आहेच, जा तुम्ही, पण भांडगावात काय बोलणं झालं ते तिथं काढू नका. ते मलाही कळत होतं. कांद्याचं रान, कडेला कांद्याची चाळ आणि चाळीला लागून पत्र्याची खोली. त्या बाईची आई खोलीच्या सावलीत कांद्याच्या पाती कापत बसली होती. मी फक्त एवढंच सांगितलं की साथीत कोण आजारी होतं ते विचारत फिरते. तिनं विळी बाजूला ठेवली. माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, भांडगावला गेल्ता काय? मी टॅब उघडायला लागले. तिला समजायचं ते समजलं.

मग तिनं सगळं सांगितलं, न रडता, कुणाला बोल न लावता. पाडवा झाला होता, गावची यात्रा त्या साली बंदच होती. लेकीला ताप भरला आणि भांडगावच्या लोकांनी तिला टेम्पोत बसवून रस्त्याच्या तोंडाशी आणून सोडली. टेम्पोवाला खाली उतरला नाही. मुलगा म्हणाला घरात नको, घरात बारकी पोरं आहेत, म्हणून या पत्र्याच्या खोलीत तिची सोय केली. बेड शोधला, कुठं मिळाला नाही. आई तिच्याबरोबरच खोलीत राहिली. तिच्यासाठी आणि स्वतःसाठी बाहेर तीन विटा मांडून पेज शिजवायची, दोघी तेच खायच्या. विटा अजून तिथंच आहेत, गुरुजी. पोरगा उचलू म्हणतो, ती उचलू देत नाही. त्यांच्यामागचा पत्रा काळा झालेला आहे. मी वाकून त्यावर बोट फिरवलं, का ते मलाही सांगता येणार नाही. बोट काळं झालं.

माझ्या नियमात हे सगळं अगदी सोपं होतं. पाडव्यापर्यंत ती भांडगावच्या चुलीवर जेवत होती, म्हणजे ती भांडगावच्याच घरातली, तिथंच धरायची. मी तसं तिला समजावून सांगायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"ताई, ह्ये तिकडं बोलू नगा," ती म्हणाली. "लेकरं त्यांच्याकडं हायत. सुट्टीला लावून देत्यात मला. तेवढंच ऱ्हायलंय. तिला आमच्यात लिवा, न्हाईतर लिवूच नगा."

मी स्कूटीवर बसून शिरूरकडं निघाले आणि वाटेत एका बाभळीखाली थांबले. मला तिचं पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. एका आईकडं सुट्टीला येणारी नातवंडं एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात ज्यांची मला नावंही माहीत नाहीत अशा बायका. जिवंत माणसाचं नुकसान करून मेलेल्या माणसाला मोजायचं का? आमच्या हॉलमधल्या पडद्यावर याचं उत्तर नव्हतं. तेव्हा तुमची आठवण आली, आणि खरं सांगायचं तर आधी वाईट अर्थानं आली. म्हटलं, गुरुजींनी काय केलं असतं? भिंत कोरी असली तरी लिहिलं असतं. मग मीही भांडगावच्या नवऱ्यानं नाही म्हटलेलं गुपचूप हो करावं, टॅबला काय कळतंय. माझं बोट त्या खुणेपर्यंत गेलंही होतं. पण मनाला पटेना. तुम्ही एवढे खडूस होतात, गुरुजी. एक आकडा खोडून लिहिला तर पानभर गणितं पुन्हा करायला लावणारे. तुम्ही खोटं लिहाल हे जमत नव्हतं. आणि तिथं उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही चहा का मागितला होतात याचा मी कधी विचारच केला नाही. तुम्ही कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाहीत. शिरगणतीत सगळ्या गावाचा चहा नाकारत हिंडलात, पोट बिघडतं म्हणून. तुम्हाला चहा नको होता. तुम्हाला ती चूल पेटायला हवी होती. चूल पेटली, तिच्यावर शिजलं, शिजलेलं कुणीतरी घेतलं, आणि मगच तुम्ही कागद काढलात. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. खरं होईपर्यंत धूर खात बसलात.

पुढच्या फेरीत मला भांडगावच्या त्या घरी जायचंच होतं, साखर आणि रक्तदाब तपासायला. नवरा कामावर होता. सासू ओट्यापाशी, गॅसवर कालवण. तिचा दंड पट्ट्यात घेऊन मी पंप दाबत होते आणि इकडचं तिकडचं विचारत होते. मरणाबद्दल काही विचारलं नाही. तुमचाच प्रश्न थोडा लांबचा करून विचारला, की ती दुसरी लाट आली त्या साली, पाडव्याला, या चुलीवर कोण कोण जेवलं होतं? तिला प्रश्न चमत्कारिक वाटला नाही. सण कुणाला आठवत नाही? ती सांगत गेली. पोरगा, दोन्ही नातवंडं, मी, पुण्याहून आलेला दीर. मी विचारलं, पोळ्या कुणी केल्या?

"तिनंच की," सासू म्हणाली. "दुसरं कोण हाय करायला?"

आणि थांबली. पट्ट्यातली हवा सुटत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. कालवणाला उकळी आली तरी तिनं गॅस बारीक केला नाही, तो मी केला. शेगडीकडं बघतच ती म्हणाली की भ्या वाटलं हो ताई, लेकरांचं भ्या वाटलं, टीव्हीवर रोज दाखवत होते. मग पदरानं तोंड पुसलं. लिवा, म्हणाली, आमच्यातच लिवा, ती आमचीच व्हती. मी लिहिलं. नवऱ्याला ती संध्याकाळी सांगणार होती, सांगितलंही असेल. त्याचा फोन आला नाही. निघताना तिनं मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं की तिच्या आईला तर न्हाई ना सांगायचं तुम्हाला हे? मी म्हणाले, नाही सांगायचं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या मला एकच गोष्ट सांगत होत्या, दुसरीला कळू देऊ नका. मी दोघींचं ऐकलं. परवा केंदूरवरून जाताना मला चाळीपुढं दोन पोरं पतंग उडवताना दिसली. भांडगावचीच असतील की नाही, मी थांबून विचारलं नाही.

त्या बाईचं नाव आता आमच्या कामात कुठंच दिसणार नाही. तिचा एक आकडा झाला आहे, आणि तो आकडा अजून मोठ्या आकड्यात मिसळून एका अहवालात जाईल, जो कोण वाचेल देव जाणे. त्यातून पुढच्या साथीला केंदूरजवळ एखादा बेड वाढेल की नाही, तेही मला माहीत नाही. साहेब म्हणतात वाढेल. मी हो म्हणते. पण मी हाय म्हून कुठंतरी लिवा, असं म्हणायला ती बाई उरली नव्हती, तेव्हा ते तिच्या वतीनं तिच्या पोळ्यांनी म्हटलं, एवढं मला पुरेसं वाटतं. तुम्हालाही वाटलं असतं. तोंडानं मात्र तुम्ही एवढंच म्हणाला असतात, की अक्षर सुधार.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण शेवटची गोष्ट तुमच्यासमोर बोलायची माझी आजही छाती नाही. तुम्ही चहा पिऊन गेलात त्या संध्याकाळपासून आईनं ती चूल एक दिवस थंड ठेवली नाही. सरकारनं लिहिलंय, ती म्हणायची, आता ते खोटं कसं ठरू द्यायचं? चार-सहा महिन्यांत भिंत काळी झाली. पण चूल वेगळी झाली आणि मामीच्या हातचं जेवण सुटलं. तिकडं दूधभात असायचा, इकडं भाकरी आणि ठेचा, आणि मी छपरीतून मामाच्या पोरांची ताटं बघत बसायची. मग वर्गात तुम्ही 'माझे घर' हा निबंध दिलात. मी मामाचं घर लिहिलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत तो परत केलात, हे तुझ्या मामाचं झालं, तुझं लिहून आण. मी छपरीबद्दल लिहून आणलं आणि मला तुमचा इतका राग आला की तो मी शाळा सुटली, लग्न झालं, आई गेली, तुम्ही गेलात, तरी नीट जपून ठेवला होता. भांडगावच्या ओट्यापाशी ती सासू 'तिनंच की' म्हणाली, तेव्हा खरं तेच लिहून घ्यायचा तुमचा हट्ट मला कळला आणि तो गेला. मामीचा दूधभात मात्र अजून आठवतो.